कॅसेटवर एक लोगो, डीव्हीडीवर दुसरा: खरा कोणता आणि डिजिटल करताना काय ठेवायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मावशीने अमेरिकेहून आणलेली 'सिंड्रेला'ची १९८८ ची कॅसेट तुमच्याकडे आहे आणि त्याच सिनेमाची २००५ ची डीव्हीडीही आहे. दोन्हींच्या सुरुवातीला वेगवेगळे लोगो येतात. मित्राचं म्हणणं, मूळ सिनेमावर आरकेओचं नाव होतं, म्हणून या दोन्ही प्रती 'अस्सल' नाहीत. शिवाय त्याच खोक्यात बग्ज बनीची एक कॅसेट निघाली आणि तिच्यावर बग्ज बनी बनवणाऱ्या वॉर्नरऐवजी एमजीएम या दुसऱ्या स्टुडिओचा सिंह आहे, म्हणून ती चोरटी प्रत असावी असं तुम्हाला वाटतंय. आता हे सगळं डिजिटल करायचंय, तर पुढचे लोगो कापून थेट सिनेमापासून सुरुवात करावी का? आणि हिऱ्याचं चिन्ह असलेल्या डिस्नेच्या कॅसेटींना लाखो रुपये मिळतात हे खरं का?

मी जुन्या कॅसेटी आणि फिल्म डिजिटल करण्याचंच काम करतो आणि अॅनिमेशनपटांचं मला विशेष वेड आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मुळात 'खरा लोगो कोणता' या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर जे दिसतं ते एकाच वेळी बनलेलं नसतं. मूळ निगेटिव्हमध्ये असलेली नावं एक. सिनेमा पुन्हा थिएटरात लावताना त्यात झालेले फेरफार दुसरे. आणि व्हिडिओ कंपनीने कॅसेट भरताना पुढे जोडलेला भाग तिसरा. शेतजमिनीच्या उताऱ्यावर जशा एकाखाली एक फेरफाराच्या नोंदी चढत जातात, तसंच हे आहे. फरक एवढाच की इथे नवी नोंद करताना जुनी बरेचदा पुसून टाकली जाते. म्हणून लोगो बघताना मी आधी एवढंच ठरवतो की हा सिनेमाचा आहे की या प्रतीचा.

आता तुमची 'सिंड्रेला' घ्या. सिनेमा १९५० चा. तेव्हा डिस्ने सिनेमे बनवत असे, पण थिएटरांपर्यंत पोचवायला त्यांची स्वतःची कंपनी नव्हती. ते काम आरकेओ रेडिओ पिक्चर्स करत असे. १९५३ मध्ये 'द लिव्हिंग डेझर्ट' या माहितीपटात आरकेओला रस दिसेना, तेव्हा वॉल्टचे भाऊ रॉय डिस्ने यांनी बुएना विस्टा ही स्वतःची वितरण कंपनी काढली. बरबँकमध्ये स्टुडिओ ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्याचं हे नाव. १९५५ चा 'लेडी अँड द ट्रॅम्प' हा बुएना विस्टाने वितरित केलेला डिस्नेचा पहिला पूर्ण लांबीचा अॅनिमेशनपट. 'सिंड्रेला' त्यानंतर १९५७, १९६५, १९७३, १९८१ आणि १९८७ साली पुन्हा थिएटरात लागला, तो बुएना विस्टाकडून. दरम्यान आरकेओचा चित्रपटनिर्मितीचा गाशा गुंडाळला गेला होता. बंद पडलेल्या जुन्या भागीदाराचं नाव पुढच्या प्रिंटवर कोण मिरवणार? म्हणजे १९५० मध्ये आरकेओ होती हे तुमच्या मित्राचं म्हणणं बरोबर, पण नंतरच्या प्रती अस्सल नाहीत हा निष्कर्ष चुकीचा. नाव बदललं ते मालकाने स्वतः, उघडपणे बदललं.

आणि तो निळ्या पार्श्वभूमीवरचा पांढरा किल्ला, ज्याच्यावरून प्रकाशाची कमान जाते? तो १९८५ चा. त्याआधी डिस्नेच्या सिनेमांना असा हलता लोगोच नव्हता, नुसती अक्षरं येत. २००६ मध्ये त्याच्या जागी संगणकावर बनवलेला, नदी आणि आतषबाजीचा किल्ला आला. म्हणून १९८५ आधीच्या कुठल्याही सिनेमापुढे किल्ला दिसला, मग तो कोणताही असो, तर तो नंतर बसवलेला हे डोळे झाकून समजा. जुन्या सिनेमापुढे नवा किल्ला लावण्याची ही पद्धत मला मनापासून खटकते. १९५० च्या सिनेमाची सुरुवात १९५० सारखीच दिसायला हवी. नवा लोगो लावायचाच तर आधी लावा, मग क्षणभर काळा पडदा ठेवा आणि मग मूळ सुरुवात जशीच्या तशी येऊ द्या.

आता घरच्या व्हिडिओकडे येतो, कारण तुमच्या कॅसेटवरचा सगळ्यात मजेदार थर तोच आहे. डिस्नेचं आणि व्हिडिओचं नातं सुरुवातीला वैराचं होतं. १९७६ मध्ये युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी मिळून सोनीवर खटला भरला होता. घरी बसून टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करू देणारं यंत्र विकणं म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग, असा त्यांचा दावा होता. १९८४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी सोनी जिंकली. गंमत म्हणजे खटला चालू असतानाच, १९८० पासून, डिस्ने स्वतः कॅसेटी बाजारात आणू लागली होती. सुरुवात फोटोमॅट या दुकानांच्या साखळीतून भाड्याने देण्यापासून झाली. त्या काळातल्या कॅसेटींवर काळ्या पार्श्वभूमीवर निऑन दिव्यांच्या रेषांसारखा मिकी येतो, संग्राहक त्याला 'निऑन मिकी' म्हणतात.

पण नामांकित अॅनिमेशनपट मात्र त्यांनी बराच काळ बाहेर काढले नाहीत. 'डम्बो' आणि 'अॅलिस इन वंडरलँड' १९८१ मध्ये भाड्याने आले, पण 'स्नो व्हाइट', 'सिंड्रेला' यांना हात लावायची कुणाची तयारी नव्हती. कारण साधं होतं. हे सिनेमे साधारण सात वर्षांनी पुन्हा थिएटरात लावायचे आणि तोवर मोठी झालेली नवी पिढी तिकीट काढून येणार, यावरच कमाई होती. कॅसेट घरात आली की ते चक्र मोडेल अशी भीती होती. १९८४ च्या सप्टेंबरमध्ये मायकल आयझनर आणि फ्रँक वेल्स हे नवे प्रमुख कंपनीत आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये 'रॉबिन हूड' आला आणि 'वॉल्ट डिस्ने क्लासिक्स' ही मालिका सुरू झाली, तुम्ही म्हणता ते हिऱ्याचं चिन्ह याच मालिकेचं. पुढच्या वर्षी 'पिनोकिओ' आला तेव्हा त्याची किंमत ७९.९५ डॉलर होती, म्हणजे व्हिडिओ लायब्ररीने घ्यायची आणि भाड्याने द्यायची. वर्षअखेरीस ती २९.९५ वर आणल्यावर लोक स्वतःसाठी विकत घेऊ लागले. 'सिंड्रेला' १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये आला, थिएटरातल्या १९८७ च्या फेरीनंतर लगेच. विकायचा काही काळ, मग तिजोरीत बंद करायचा आणि वर्षांनी पुन्हा काढायचा, हे गणित थिएटरवरून आता कॅसेटवर आलं.

हे एवढं सांगितलं कारण लोगो का बदलत गेले ते यातूनच कळतं. दर वेळी तिजोरी उघडली की तोच सिनेमा नव्याने विकायचा असे आणि आधीची कॅसेट घरात असलेल्या माणसालाही 'ही वेगळी आहे' असं वाटायला हवं असे. म्हणून क्लासिक्सचा हिरा १९९४ मध्ये 'द फॉक्स अँड द हाउंड'वर थांबला आणि त्याच वर्षी 'स्नो व्हाइट'पासून 'मास्टरपीस कलेक्शन' सुरू झालं. मग २००० मध्ये 'गोल्ड क्लासिक', २००१ पासून 'प्लॅटिनम', २००९ पासून ब्लू-रेच्या काळात 'डायमंड', २०१६ पासून 'सिग्नेचर'. 'सिंड्रेला' १९८८ मध्ये क्लासिक्समध्ये, १९९५ मध्ये मास्टरपीसमध्ये, २००५ मध्ये प्लॅटिनममध्ये आणि २०१२ मध्ये डायमंडमध्ये आला. तुमच्याकडे यातली पहिली आणि तिसरी फेरी आहे. दोन्ही अधिकृत. हे लोगो सिनेमाबद्दल काहीच सांगत नाहीत, त्या वर्षीच्या दुकानाबद्दल मात्र सगळं सांगतात.

त्या काळातल्या डिस्नेच्या कॅसेटचा क्रम बघा. आधी चोरट्या प्रती काढू नका असा एफबीआयचा इशारा, मग जादूगाराची टोपी घातलेल्या मिकीचा वॉल्ट डिस्ने होम व्हिडिओचा लोगो, काही कॅसेटींवर त्यानंतर येणाऱ्या सिनेमांच्या जाहिराती, मग क्लासिक्सचा लोगो आणि त्यानंतर सिनेमा. बऱ्याच लोकांना वाटतं की टोपीवाला मिकी म्हणजे सिनेमाचीच सुरुवात. तसं नाही. तो व्हिडिओ विभागाचा शिक्का आहे, थिएटरातल्या प्रेक्षकाने तो कधीच पाहिला नाही.

आता बग्ज बनी आणि सिंह. ही चोरटी प्रत आहे असं लगेच ठरवू नका. १९५६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने आपल्या जुन्या सिनेमांचा मोठा साठा असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्स, म्हणजे ए.ए.पी. या कंपनीला विकला. टीव्ही आला होता, जुने सिनेमे थिएटरात पुन्हा चालतील असं वाटत नव्हतं आणि रोख पैसे मिळत होते. त्या साठ्यात ऑगस्ट १९४८ पूर्वीची रंगीत कार्टूनं होती. १९५८ मध्ये ए.ए.पी. युनायटेड आर्टिस्ट्सकडे गेली. १९८१ मध्ये एमजीएमने युनायटेड आर्टिस्ट्स घेतली. १९८६ मध्ये टीव्ही उद्योजक टेड टर्नर यांनी एमजीएम घेतली आणि काही काळातच बाकीची विकून सिनेमांचा साठा मात्र स्वतःकडे ठेवला, तरी कॅसेटी पुढेही एमजीएम/यूएच्याच नावाने निघत राहिल्या. १९९६ मध्ये टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली आणि कार्टूनं चाळीस वर्षांनी फिरून वॉर्नरच्या छताखाली आली. म्हणजे ऐंशी-नव्वदच्या दशकात जुना बग्ज बनी एमजीएम/यूएच्या कॅसेटवर आणि नंतरचा बग्ज बनी वॉर्नरच्या कॅसेटवर, दोन्ही कायदेशीर! कॅसेटवरची कार्टूनं १९४८ पूर्वीची आहेत का ते तपासा. तशी असतील तर सिंहाचं कोडं तिथेच सुटतं. त्यांतल्या एखाद्यापुढे ए.ए.पी.ची अक्षरंही दिसतील, ती टीव्हीसाठी काढलेल्या प्रिंटमधून आलेली.

इथवर फक्त मालकांची नावं बदलली. पण या कार्टूनांच्या बाबतीत एक खरं नुकसान झालं आणि ते विकण्याआधीच, वॉर्नरच्या घरातच झालं. १९४३ पासून वॉर्नरने जुनी कार्टूनं 'ब्लू रिबन' या नावाने पुन्हा थिएटरात आणायला सुरुवात केली. त्यासाठी मूळ निगेटिव्हमधली सुरुवातीची श्रेयनामावली कापून तिथे निळ्या फितीचं नवं शीर्षक जोडलं. कापलेला तुकडा बहुतेक वेळा जपलाच नाही. १९४० चं 'अ वाइल्ड हेअर' घ्या. टेक्स एव्हरी यांनी दिग्दर्शित केलेलं हे कार्टून बग्ज बनीचं खऱ्या अर्थाने पहिलं मानलं जातं. ते पुन्हा आलं तेव्हा शीर्षकातला 'अ' जाऊन 'द' आला आणि त्याबरोबर दिग्दर्शक, अॅनिमेटर यांची नावंही गेली. महिनोन् महिने चित्रं काढणाऱ्या माणसाला पडद्यावर काही सेकंद नाव मिळतं, तेवढंही काढून घेतलं. लोगो कापण्याचा विषय निघाला की मला हेच आठवतं आणि 'अहो, आधी बघा त्या तुकड्यात कुणाचं नाव आहे का' असं मी प्रत्येकाला सांगतो.

उलटी, सुखद गोष्टही आहे. पॉपायची थिएटरसाठी बनलेली २३१ कार्टूनं पॅरामाउंटने १९५६ मध्ये त्याच ए.ए.पी.ला विकली. टीव्हीवर जाणाऱ्या प्रतींमधून पॅरामाउंटचा डोंगराचा लोगो काढून टाकला गेला आणि ए.ए.पी.चा लोगो बसला. पॉपायच्या जहाजाची दारं उघडतात-मिटतात आणि त्यांच्यामागे नावं येतात, ही सुरुवात ज्यांनी टीव्हीवर पाहिली त्यांनी ती अर्धवटच पाहिली. व्यक्तिरेखेचे हक्क किंग फीचर्स या कॉमिक्स वितरण कंपनीकडे आणि कार्टूनांचे वॉर्नरकडे, या तिढ्यामुळे चांगली अधिकृत आवृत्ती वर्षानुवर्षं निघालीच नाही. २००६ मध्ये समझोता झाला आणि २००७ मध्ये १९३३ ते १९३८ च्या कार्टूनांचा डीव्हीडी संच आला. त्यात मूळ साहित्य शोधून पॅरामाउंटचा डोंगर परत आणला गेला. ज्या कंपनीकडे आता हक्क नाहीत तिचा लोगो वॉर्नरने स्वतःच्या डीव्हीडीवर अगत्याने ठेवला! मला हे काम आदर्श वाटतं.

हे सगळं जुन्या जमान्यातलं म्हणू नका. 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन'चा पहिला भाग २०१० मध्ये पॅरामाउंटने, दुसरा २०१४ मध्ये फॉक्सने आणि तिसरा २०१९ मध्ये युनिव्हर्सलने वितरित केला. स्टुडिओ तोच, ड्रीमवर्क्स. चंद्रकोरीवर बसलेल्या मुलाच्या, म्हणजे ड्रीमवर्क्सच्या लोगोच्या, आधी तीन वेगळ्या कंपन्या. आणखी तीस वर्षांनी कुणीतरी 'यातला खरा कोणता' असं विचारणारच आहे.

आता प्रत्यक्ष कामाचं. लोगोवरून कॅसेटचं वय काढता येतं का? काही अंशी. मी लोगोपेक्षा जाहिरातींवर जास्त भर देतो. कॅसेटवर सगळ्यात उशिराची जी गोष्ट दिसते, तिच्या आधी ती कॅसेट भरलेली असूच शकत नाही. 'या उन्हाळ्यात थिएटरात' असं कुठल्या सिनेमाबद्दल म्हटलं असेल तर वर्ष जवळपास हाती लागतं. उलट दिशेने मात्र खात्री नसते, कारण तीच मास्टर टेप, म्हणजे जिच्यावरून प्रती भरतात ती मूळ टेप, वापरून पुढे कितीही वर्षं कॅसेटी भरता येतात. शिवाय वेष्टनावर नवा लोगो आणि आत जुना, असंही होतं. म्हणून खोका, कॅसेटवरचं लेबल आणि चित्र या तिन्हींची नोंद वेगवेगळी ठेवा.

तुमची कॅसेट अमेरिकेची, म्हणजे एनटीएससी या तिथल्या व्हिडिओ पद्धतीची. भारतात विकलेल्या कॅसेटी पाल पद्धतीच्या. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते. पालमध्ये ती बरेचदा २५ ने चालवली जाते, म्हणून सिनेमा सुमारे चार टक्के लवकर संपतो आणि आवाज जवळपास अर्ध्या सुराने चढतो. ७४ मिनिटांचा 'सिंड्रेला' पालमध्ये ७१ मिनिटांत संपतो. एनटीएससीमध्ये वेग मूळचाच राहतो. त्यामुळे तुमच्या कॅसेटवरचं संगीत योग्य सुरात आहे, भारतीय कॅसेटशी तुलना करून ते 'सुधारायला' जाऊ नका. मात्र ती चालवायला खरा एनटीएससी सिग्नल देणारा व्हीसीआर लागेल. आपल्याकडचे बरेच मल्टिसिस्टिम, म्हणजे दोन्ही पद्धतींच्या कॅसेटी चालवणारे, व्हीसीआर पालच्या टीव्हीवर दिसावं म्हणून मधलाच सिग्नल बाहेर काढतात. टीव्हीवर चित्र छान दिसतं, पण व्हिडिओ संगणकात उतरवणारं कॅप्चर कार्ड गोंधळतं, रंग उडतात किंवा चित्र फाटतं. ज्याच्याकडे द्याल त्याला हे आधी विचारा.

कापायचं का? मूळ फाइलमध्ये काहीही कापू नका. कॅसेट पूर्ण मागे गुंडाळा आणि पहिल्या कोऱ्या पट्टीपासून शेवटच्या खरखरीपर्यंत एका दमात उतरवा. एफबीआयचा इशारा, मिकी, जाहिराती, हिरा, सगळं आत राहू द्या. जमलं तर टाइम बेस करेक्टर, म्हणजे थरथरणारा सिग्नल स्थिर करणारं यंत्र, मध्ये लावा, चित्र ४:३ ठेवा, इंटरलेसिंग (चित्राच्या ओळी एकाआड एक येण्याची पद्धत) काढू नका आणि एफएफव्ही१ सारख्या गुणवत्ता न घटवणाऱ्या पद्धतीत साठवा. घरच्या मुलांना दाखवायला त्यावरून एक लहान प्रत काढा आणि तिच्यात हवं ते कापा. तो सिनेमा चांगल्या रूपात ब्लू-रेवर मिळतोच. तुमच्या कॅसेटचं वेगळेपण सिनेमाच्या आधीच्या त्या काही मिनिटांत आहे, कारण ती मिनिटं कंपनी पुन्हा कधीच प्रकाशित करत नाही.

स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रत करायला आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाव आहे. यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट, तिथे नुसत्या लोगोच्या संगीतावरूनही दावा येऊ शकतो.

लाखो रुपयांचं म्हणाल तर विसरा. हिऱ्याच्या कॅसेटी दुर्मीळ नाहीत, प्रचंड खपाच्या आहेत. संकेतस्थळांवर दिसणारे आकडे विकणाऱ्याने मागितलेले असतात. प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या वस्तूंच्या किमती वेगळ्या गाळून बघा, बहुतेक कॅसेटी काही डॉलरांत जातात. किंमत येते ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या, फक्त भाड्याने दिलेल्या कॅसेटींना किंवा सील न तोडलेल्या प्रतींना आणि तीही घेणारा भेटला तर.

शेवटी एक तातडीची गोष्ट. दोन्ही कॅसेटींचं झाकण उघडून टेपच्या गुंडाळीच्या कडा उजेडात बघा. पांढरे ठिपके किंवा जाळीसारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. आपल्या दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, ती फार लागते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये एकदाही घालू नका. टेप फाटेल, हेडवर बुरशी चिकटेल आणि पुढच्या कॅसेटलाही लागेल. कोरड्या जागी वेगळी ठेवा आणि साफ करून घ्या. दोन्हींपैकी एकच आधी करता येणार असेल तर बग्ज बनीची करा. 'सिंड्रेला'ची ती आवृत्ती लाखो घरांत आहे. जुन्या कार्टूनांच्या कॅसेटीत मात्र कोणत्या प्रिंटवरून काय उतरलंय ते लावून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. ती चालली की प्रत्येक कार्टूनच्या पहिल्या काही सेकंदांचे फोटो इथे टाका. निळी फीत आहे, ए.ए.पी. आहे की मूळ श्रेयनामावली, ते आपण एकेक करून लावू.